सुधारलेला कुत्रा

आमच्या भोंग्याला इमारतीतला ‘आदर्श कुत्रा’ म्हणून गौरवायचं ठरलं, तेव्हा घरात आनंद झाला नाही असा मी एकटाच होतो. आणि तो का झाला नाही हे मला धड सांगताही येत नव्हतं. उभा जन्म मी पुस्तकांच्या शेवटच्या पानांत काढला. जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत सूची असते, कोणता विषय कोणत्या पानावर आहे ते सांगणारी. ती करणं हे माझं काम. असल्या माणसाला कुणी मत विचारत नाही, आणि पुढे पुढे त्यालाही ते असेनासं होतं.

भोंगा हे नाव इमारतीनं ठेवलेलं. आम्ही दुसरं काहीतरी ठेवलं होतं, ते आता आम्हालाच आठवत नाही. पोस्टमन आला की तो भुंकायचा, पोस्टमन गेला की भुंकायचा, आणि मधल्या वेळात पोस्टमन अजून कसा आला नाही म्हणून भुंकायचा. पण त्याचा खरा राग सेक्रेटरी साहेबांवर. ते बरोबर आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना नोटिसा लिहिण्याचा नाद आहे. जिन्यात चपला ठेवू नयेत, गच्चीवर मोठ्यानं हसू नये, लिफ्टमध्ये ओली छत्री झटकू नये. या सगळ्या फळ्यावर लागतात. गेल्या वर्षी मात्र एक नोटीस थेट आमच्या दाराखालून आत सरकली. कुत्र्यात सुधारणा न झाल्यास त्याला इमारतीत राहता येणार नाही.

बायकोनं ती उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाली, “तो गेला तर मीही जाईन. तुम्ही बसा इथे नोटिसा वाचत.”

“अगं, मी काय केलं?”

“काहीच नाही केलंत. तेच तर म्हणतेय.”

दुसऱ्याच दिवशी तिनं मास्तरांना आणलं. मास्तर म्हणजे कुत्र्यांचे शिक्षक. तिशीतला माणूस, गळ्यात शिट्टी, पायांत चकचकीत बूट, आणि कुत्र्यांना ते ‘विद्यार्थी’ म्हणत. त्यांची पद्धत साधी होती. कुत्र्यासमोर मांडी घालून बसायचं आणि पापणी न हलवता त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. कुत्र्याला आतून लाज वाटेपर्यंत. कितीतरी दिवस भोंग्याला लाज वाटली नाही. तो मास्तरांचं नाक चाटायचा आणि त्यांनी जमिनीवर टेकलेल्या हातातलं घड्याळ काढायचा प्रयत्न करायचा.

मग थंडी सुरू झाली आणि भोंगा अचानक सुधारू लागला.

आधी भुंकणं कमी झालं, मग जवळजवळ बंदच. बेल वाजली तरी तो उठेना. सोफ्यावर उडी मारणं त्यानं सोडलं. माझ्या चपला त्यानं सोडल्या, ज्या त्यानं गेली बारा वर्षं कधी सोडल्या नव्हत्या. ताटलीतलं खाणं तो एका घासात संपवायचा, ते आता एकेक कण वेचून खाऊ लागला. फिरायला नेलं की साखळी ओढत नसे. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबे आणि बायकोकडे वर बघे.

“बघा काका,” मास्तर म्हणाले, “काकू पुढे गेल्याशिवाय हा पाऊल टाकत नाही. याला म्हणतात अदब.”

“आणि सोफ्यावर नाही चढत ते?” बायकोनं कौतुकानं विचारलं.

“त्याला आता मोहच उरला नाही. फार कमी विद्यार्थी इथपर्यंत येतात.”

मास्तर आपले बाकीचे विद्यार्थी त्यांच्या मालकांसकट आमच्याकडे आणू लागले. सात-आठ कुत्री दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसत आणि भोंगा कोपऱ्यात डोळे मिटून पडलेला असे. एखादं पिल्लू त्याचा कान ओढी, तरी तो हलत नसे. मालक माना डोलावत. “तुमच्याकडे येऊन खूप शिकायला मिळतं,” असं एक बाई मला म्हणाल्या. मी चहाचे कप गोळा करत होतो.

आणि मग सेक्रेटरी साहेबांनी जाहीर केलं. खालच्या सभागृहात कार्यक्रम, भोंग्याला निळी फीत, आम्हाला दारावर लावायला पितळी पाटी, आणि ज्याच्या दारावर ती पाटी त्या कुत्र्याला इमारतीत कायमचं राहता येईल. बायकोनं दारावर पाटीची जागा खडूनं आखून ठेवली.

मला खटकत होतं ते अगदी बारीक होतं. भोंगा खाताना मान डावीकडे कलती करायचा आणि उजवीकडून घास खाली पडायचा. त्याच्या तोंडाला वास यायचा. तो बायकोच्या मते ‘कुत्र्याचाच वास’ होता. बेल वाजली तर तो उठत नसे, पण मी फरशीवर पाय आपटला की दचकून बघे. आणि झोपेतून उठताना त्याचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरत, तेव्हा तो क्षणभर दुसरीकडे बघे, जणू ते पाय कुणा दुसऱ्याचे आहेत.

मी वाचनालयातून म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांच्या आरोग्यावरचं एक पुस्तक आणलं आणि सवयीप्रमाणे शेवटून उघडलं. सूची उत्तम होती. ‘जिना टाळणे : पाहा सांधे.’ ‘तोंडाची दुर्गंधी : पाहा दात.’ ‘पाणी जास्त पिणे : पाहा मूत्रपिंड, मधुमेह.’ ‘मांजर उंचावर न चढणे : पाहा सांधे.’ आणि खाली, ‘स’मध्ये, ‘स्वभाव अचानक निवळणे : पाहा वेदना.’

ज्यानं ही सूची केली त्याला भेटावं असं मला वाटलं. पण लगेच हेही वाटलं की मी चुकीचं वाचत असेन. मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“अगं, मला वाटतं भोंगा सुधारलेला नाही. त्याला दुखतंय.”

बायकोनं पुस्तक बघितलं, मग मला. “अहो, मागच्या वर्षी तुम्ही असंच एक पुस्तक आणलं होतं. त्यातले सात आजार तुम्हाला झाले होते. त्यातला एक तर फक्त बायकांना होतो.”

मी मास्तरांना विचारलं. ते हसले. “काका, ज्याला तुम्ही दुखणं म्हणता ना, त्याला आम्ही संयम म्हणतो.”

मास्तरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला जवळजवळ पटलं. मी पुस्तक परतही केलं असतं. पण संध्याकाळी भोंगा माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याच्या उजव्या गालावरून हात फिरवला आणि त्यानं तोंड बाजूला केलं. रागानं नाही. आपण गर्दीत एखाद्याला वाट देतो तसं.

बायकोला स्टेजवर त्याची नखं नीट दिसायला हवी होती. “मी कापून आणतो,” मी म्हणालो आणि त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. घरात खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे नखं खरोखरच कापून घ्यावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी नखं कापता कापता विचारलं, “वय?”

“तेरावं चालू आहे.”

“याआधी कधी तपासलं होतं?”

“नोटीस येण्याआधी. नंतर मास्तर होते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण खुलासा मागितला नाही. भोंग्याचा ओठ वर करून त्यांनी आत टॉर्च मारला आणि “अरे देवा” असं अगदी हळू म्हणाल्या. मागची दाढ फुटलेली होती आणि मुळाशी पू होता. कंबरेवर हात दाबला तेव्हा भोंग्यानं मागे वळून तो हात चाटला. “पाहिलंत? हे सांगणंच आहे. त्याला याहून मोठ्यानं सांगता येत नाही.” कान बघितले. आत मळ गच्च भरला होता. थोडं ऐकणं वयानं गेलं असेल, थोडं परत येईल, असं त्या म्हणाल्या. रक्त घेतलं, लघवी तपासायला ठेवली, वजन केलं. ते वाढलं होतं.

“हालचाल कमी म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की सांधे दुखतात, सांधे दुखले की हालचाल कमी. केव्हापासून शांत आहे हा?”

“थंडीपासून. आमच्याकडे सगळे म्हणतात, सुधारला.”

“माझ्याकडे येणारे म्हणतात, म्हातारा झाला. तेवढाच फरक. काका, म्हातारपण हा आजार नाही. पण आजारांना लपायला याहून सोयीची जागा नाही. या वयात दर सहा महिन्यांनी आणायचं, तक्रार असो वा नसो. अशी दाढ मला असती तर मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली असती.”

मी बराच वेळ साखळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलो. मग विचारलं, “दाढ काढली, दुखणं थांबलं, तर... तो भुंकेल का?”

“अशी आशा करू या,” त्या उत्साहानं म्हणाल्या. “रक्ताचा निकाल चांगला आला की लगेच काढू. थांबू नका. जबड्यापर्यंत जाईल.”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना मी नखांपासून सुरुवात केली, त्यामुळे दाढेपर्यंत यायला वेळ लागला. ती मधे एकदाही बोलली नाही, आणि हे आमच्या संसारात नवीन होतं.

“कार्यक्रमाला दोन आठवडे आहेत,” शेवटी ती म्हणाली. “पाटी एकदा दारावर लागली की कुणाचा बाप त्याला काढू शकत नाही. मग काढा दाढ. मग भुंकू दे काय भुंकायचं ते.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू नका.”

“त्यांच्या डोक्यावर सेक्रेटरी राहतो का? आज बरा केला आणि उद्या घराबाहेर काढला, तर बरा होऊन जाईल कुठे तो? या वयात त्याला कोण घेणार?”

ती चुकीचं बोलत नव्हती. हाच तर घोळ होता. दुखत राहिलं तर घर होतं, आणि घर सुटलं तर दुखणं गेलेलं कुणाच्या उपयोगाचं? मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू बघितल्या आणि नेहमीप्रमाणे गप्प बसलो.

बायकोनं त्या संध्याकाळी त्याच्यासाठी चिकन उकडलं. मन खात असलं की ती असं काहीतरी शिजवते. स्वतः जमिनीवर बसून तिनं एक तुकडा त्याच्या तोंडात दिला. भोंग्यानं तो घेतला, चावला, त्याच्या घशातून एक बारीक आवाज आला आणि तुकडा खाली पडला. त्यानं तुकड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शेपूट हलवली. दिलंस ते पावलं, पण आता नको, असं काहीतरी.

बायको पदराला हात पुसत म्हणाली, “त्या बाईला फोन करा.”

“आणि पाटी?”

“फोन करा म्हटलं ना!”

रक्त चांगलं आलं. मूत्रपिंडं वयाच्या मानानं ठीक होती. दाढ निघाली, कान साफ झाले, सांध्यांसाठी गोळ्या सुरू झाल्या. घरभर सतरंज्या पसरल्या, म्हणजे पाय घसरू नयेत. लांब एका फेरीऐवजी दोन छोट्या फेऱ्या ठरल्या. जखम भरल्यावर उरलेले दात रोज घासायला सांगितलं होतं, ते काम माझ्याकडे आलं. “नवऱ्याला कुणीतरी तोंड उघडायला लावलं म्हणायचं,” बायको म्हणाली. कुणाचं तोंड, ते तिनं सांगितलं नाही.

पहिले काही दिवस भोंगा गुंगीत होता आणि आम्हाला बरं वाटलं. मग तो गुंगीतून बाहेर आला आणि आम्हाला भीती वाटू लागली. एका सकाळी माझी डावी चप्पल सोफ्याखाली सापडली, ओली आणि अर्धी. मी ती बायकोला दाखवली. तिनं ती हातात घेतली, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात लपवली.

“मास्तरांना बोलायचं नाही.”

“नाही.”

“सेक्रेटरीला तर नाहीच.”

“मी कधी कुणाला काही बोललोय का?”

दुसऱ्या दिवशी तो सोफ्यावर चढला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. बायकोनं पटकन पडदे ओढून घेतले, चोरी लपवावी तसे. रोज तो थोडा थोडा बिघडत होता आणि रोज ती त्याच्या कानाशी वाकून सांगत होती, “बाबा रे, रविवारपर्यंत म्हातारा राहा.”

रविवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मास्तरांचे विद्यार्थी, मागे त्यांचे मालक, एका बाईंच्या मांडीवर टोपलीत मांजर. सेक्रेटरी साहेबांनी माईक हातात घेतला.

“आपण सर्वांनी भोंग्याकडून शिकावं,” ते म्हणाले. “मिळेल ते खातो. तक्रार करत नाही. कोपऱ्यात बसतो. कुणी आलं-गेलं तरी लक्ष देत नाही. असे सभासद असते तर मला एकही नोटीस लिहावी लागली नसती!” टाळ्या. “माझ्या घरी मांजर आहे. तीही आता अशीच झाली आहे. पूर्वी कपाटावर चढून बसायची, आता दिवसभर खाली पडून असते. पाणी मात्र भरपूर पिते. चांगली सवय. अंगानंही सडसडीत झाली आहे.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो. माझ्या डोक्यात सूचीतली ओळ छापल्यासारखी उभी राहिली होती.

मास्तर पुढे आले, भोंग्यासमोर मांडी घालून बसले आणि नजर लावली. भोंग्यानंही त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ, मन लावून. मग त्यांचं नाक चाटलं, मागे फिरला आणि त्यांचा एक चकचकीत बूट, जो त्यांनी शिष्टाचार म्हणून काढून ठेवला होता, तोंडात घेऊन खुर्च्यांखाली गेला.

“ही त्याची सेवाभावी वृत्ती...” असं काहीतरी मास्तर म्हणाले. तेवढ्यात सेक्रेटरी साहेब निळी फीत घेऊन खुर्च्यांखाली वाकले.

भोंगा भुंकला.

तो आवाज मी विसरलोच होतो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, टोपलीतलं मांजर टोपलीबाहेर आलं, आणि सगळे विद्यार्थी शिस्त सोडून एकदम भुंकू लागले. सेक्रेटरी साहेब फितीसकट मागच्या मागे खाली बसले. बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, पण खांदे हलत होते, आणि ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना.

“काय झालं याला?” सेक्रेटरी साहेब ओरडले. “काका, काय झालं याला?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. सभेत मी आजवर फक्त हात वर केला आहे, तोही इतरांनी केल्यावर. मी उभा राहिलो. गुडघे वाजले.

“बरा झाला,” मी म्हणालो.

“काय?”

“बरा झालाय तो. त्याची दाढ फुटली होती. कंबर दुखत होती, ऐकू येत नव्हतं. म्हणून गप्प होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या दुखण्याला टाळ्या वाजवल्या.” एवढं बोलून थांबायला हवं होतं, पण सुरुवात झाली की मला थांबायचं कुठे ते कळत नाही. “आणि साहेब, तुमची मांजर. जास्त पाणी पिणारी, वाळलेली. पाहा मूत्रपिंड. म्हणजे... तिला आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. मी चुकत असेन.”

मग मी बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. पण टोपलीवाल्या बाई मागून हळूच म्हणाल्या, “आमचीही खिडकीत चढत नाही हो हल्ली. मी म्हटलं, शहाणी झाली.” आणखी कुणीतरी म्हणालं, आमचा कुत्रा बॉल आणत नाही. मालक आपापल्या विद्यार्थ्यांचे ओठ वर करून बघू लागले. मास्तर एका पायात बूट घालून दुसरा शोधत होते.

पाटी अर्थातच मिळाली नाही. दारावर खडूची चौकट तेवढी राहिली.

सोमवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो. बाहेर जिन्यात पावलं वाजली आणि दाराखालून एक कागद हळूहळू आत येऊ लागला. बायकोनं कप खाली ठेवला. मी उठायच्या आधी सतरंजीवरून भोंगा उठला. एकदाही न घसरता. कागद अर्धा आत होता तेव्हाच त्यानं तो पकडला आणि खेचला. बाहेरून कुणीतरी क्षणभर धरून ठेवला असावा, मग सोडला. भोंगा तो घेऊन खोलीच्या मधोमध बसला आणि चावू लागला.

“अहो, बघा,” बायको कुजबुजली. “दोन्ही बाजूंनी चावतोय.”

खरंच, दोन्ही बाजूंनी. आम्ही दोघं बघत राहिलो.

“काका!” बाहेरून सेक्रेटरी साहेबांचा आवाज आला. “नोटीस मिळाली का?”

“मिळाली,” बायको म्हणाली. “त्यालाच मिळाली.”

पावलं गेली नाहीत. मग तोच आवाज, पण खाली आलेला, फळ्यावर कधीही न दिसणारा.

“काका... त्या डॉक्टरीणबाई किती वाजता येतात?”

मी सांगितलं. पण तोवर भोंग्यानं कागद संपवला होता आणि दाराबाहेर कोण आहे ते त्याला कळलं होतं. त्यामुळे सेक्रेटरी साहेबांना तेच पुन्हा विचारावं लागलं, आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं.